दगडाच्या गाडीतलं बाळंतपण

नियोजन कसं करावं हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी माझ्याकडे यावं, असं मी आजवर अनेकांना सुचवलं आहे. कोणी आलं नाही, ही गोष्ट निराळी! मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. पुराव्याशिवाय मी कशालाही मान हलवत नाही. पुरावा मिळालाच तर तो पुन्हा तपासतो आणि मग बेताने हलवतो. त्यामुळे माझा भाचा आशिष याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण जवळ आलं, तेव्हा त्याची संपूर्ण आखणी मी स्वतःकडे घेतली. बाळाला जन्म देणं एवढं एकच काम दीपालीकडे ठेवलं होतं. बाकी सगळं मी पाहणार होतो!

आशिष आणि दीपाली जाम नदीच्या पलीकडे, सावरगावात, माझ्या थोरल्या बहिणीकडे राहतात. आशिष तिचा मुलगा. दोघंही मजुरी करतात. कधी संत्र्याच्या बागेत, कधी कापसात. कमलताईचं घर नीटनेटकं आहे, पण त्याच्या दाराची चौकट नेमकी माझ्या कपाळाच्या उंचीला बसवलेली आहे. मी तिथे प्रत्येक वेळी वाकतो. एखाद्या वेळी थोडा उशिरा वाकतो, इतकंच.

आखणीतली पहिली अडचण म्हणजे ताई.

“माही तिन्ही लेकरं याच घरात झाली,” ती म्हणाली. “दवाखान्यात काय सोनं लागलं?”

“डॉक्टर आहेत, ताई. रक्त आहे, ऑक्सिजन आहे. आणि गरीब घरच्या बाईनं सरकारी दवाखान्यातच बाळंत व्हावं म्हणून सरकार मदतीचे पैसे देतं. थेट खात्यात!”

“हे पाह्य गौतम,” ताईने डोळे बारीक केले. “चांगल्या जागी लोकं आपल्या पायानं जातात. जिथं जायाचे पैसे द्या लागतात, तिथं काहीतरी भानगड असते! तूच म्हणतं ना, पुरावा पायजे? मंग दे पुरावा!”

ही बाई माझी सख्खी बहीण आहे याचा याहून सबळ पुरावा मला तरी ठाऊक नाही. मी तिच्या भिंतीवर खडूने एक आलेख काढला. घरच्या बाळंतपणातले धोके, दवाखान्यातले धोके, उतरती रेषा. ताईने आलेख शांतपणे पाहिला आणि भिंत पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं.

प्रश्न सोडवला तो दीपालीने. ती दाराशी बसून अंबाडीची भाजी निवडत होती.

“मामाजी, ते पैसे कोनाच्या खात्यात येतात जी? घरवाल्याच्या का माह्या?”

“तुझ्या. आईच्याच खात्यात.”

तिने आणखी दोन देठं खुडली. मग भाजीकडे पाहतच म्हणाली, “माह्या मायनं मले धुऱ्याच्या बांधावर निजवून कापूस वेचला. मले मुंग्या डसल्या, अन् माय वावराच्या त्या टोकाले. तिले माहं रडणं ऐकूच नाही गेलं. अजून सांगते अन् अजून रडते. मले या साली पहिली वेचणी सोडायची हाय, मामाजी. लेकरापाशी बसायचं हाय. बस्स, तेवढंच.”

ताईने सुनेच्या पुढ्यातली भाजी स्वतःकडे ओढली आणि भराभर निवडायला घेतली.

“जा मंग दवाखान्यात,” ती शेवटी म्हणाली. “पन गौतम, काही चुकलं त तुह्या डोक्यावर!”

हे तिने अलंकारिक अर्थाने म्हटलं होतं.

आता आमच्या गोटमारीविषयी सांगणं भाग आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. आणि अलीकडून पांढुर्णा व पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. कथा अशी की, पांढुर्ण्याच्या एका पोराने सावरगावची पोरगी पळवून नदीतून नेली, आणि दोन्ही काठांनी दगड उचलले. या कथेला पुरावा काय, असं विचारू नये. मी विचारला आहे. लोक उठून जातात.

मी दरवर्षी गोटमारीविरुद्ध अर्ज देतो. दरवर्षी तो आदराने स्वीकारला जातो आणि दरवर्षी गोटमार होते! म्हणून निषेधार्थ मी करीच्या दिवशी सकाळीच पांढुर्णा सोडतो आणि ताईकडे पोळ्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या खायला सावरगावला जातो. रिकाम्या पोटी निषेधाला जोर येत नाही.

डॉक्टरांनी दीपालीला दिलेली तारीख गोटमारीनंतर आठवडाभराने होती. माझ्या आखणीनुसार गोटमार आटोपली, रस्ते मोकळे झाले, की मी तिला माझ्या पांढुर्ण्याच्या घरी आणणार होतो. दवाखाना तिथून दोन गल्ल्यांवर. आखणीत त्रुटी एकच राहिली. ती बाळाला कळवलेली नव्हती.

करीच्या दिवशी मी दुसरी पुरणपोळी दुधात बुडवत असताना दीपाली भिंतीला टेकली.

“मामाजी, तुमी खा आरामानं. घाई नाही. पन सुरू झालं वाटते.”

पुरणपोळी दुधातच राहिली!

अर्थात मी गडबडलो नाही. मी पर्यायी आखणीही करून ठेवली होती. पूल बंद असणार हे गृहीत धरून, बाळंतिणींना नेणाऱ्या सरकारी गाडीने हायवेकडून वळसा घेऊन यावं, असं मी फोनवर सविस्तर सांगितलं. पुलाकडे फिरकायचंसुद्धा नाही, असं निक्षून बजावलं. पलीकडचा माणूस म्हणाला, “हो सर, समजलं सर,” आणि मला समाधान वाटलं. सूचना इतक्या स्पष्ट असल्या की काही चुकण्याला जागाच उरत नाही!

“आशिष कुठे आहे?” मी विचारलं.

“बैलाले पानी दाखवाले गेला म्हने,” ताई म्हणाली.

“ताई, आपल्याकडे बैल नाही.”

“तेच तं म्हनून राहिली मी!” ताईने चपला पायात सरकवल्या. “गेला असन नदीवर मुडदा! बायको इथं कन्हून राहिली अन् हा तिथं तमाशा पाहून राहिला. थांब, कान धरून आनतो त्याले!”

ती गेली. मी आणि दीपाली उरलो. दीपाली घरभर फेऱ्या मारत होती आणि मी तिच्या मागे फेऱ्या मारत होतो. तेवढ्यात गाडीवाल्याचा फोन आला.

“सर, तुमी सांगतलेल्या रस्त्यानंच आलो जी. पन पूल बंद म्हनून साऱ्या दुनियेच्या गाड्या इकडूनच वळवल्या! समोर ट्रक, मांगं बस, बाजूले ट्रॅक्टर. इंचभर हालून नाही राहिलं. आता तुमीच सांगा काय करू?”

गल्लीत दुसरी काही सोय होते का पाहावं म्हणून मी तीरासारखा बाहेर धावलो, आणि त्या वेळी वाकायचं मात्र राहून गेलं!

टण्ण!

कपाळ फुटलं की रक्त किती येतं याचा मला पुस्तकी अंदाज होता. प्रत्यक्षात ते त्याहून बरंच येतं. मी डोकं धरून गल्लीच्या तोंडाशी पोचलो, तर तिथे एक गाडी उभीच होती. पण ती होती दगडाची गाडी, म्हणजे गोटमारीत डोकी फुटलेल्यांना दवाखान्यात नेणारी. तिच्यातला वीरेंद्र नावाचा तरुण मला पाहताच खाली उडी मारून आला.

“स्टोन केस! दादा, स्ट्रेचर काढ!”

“मला दगड लागलेला नाही,” मी स्पष्ट केलं. “मला चौकट लागली आहे.”

“हो जी, हो. सगळ्यायले चौकटच लागते! पोलिसानं पुसलं का चौकट, बायकोनं पुसलं का चौकट. सकाळपासून चार चौकटी नेल्या मी. लेटा तुमी!”

“अहो, मला नव्हे, हिला न्या! हिला कळा सुरू आहेत!”

दीपाली माझ्या मागोमाग, शाल लपेटून, भिंतीचा आधार घेत आली होती. वीरेंद्रने तिच्याकडे पाहून समजुतीच्या स्वरात सांगितलं, “बाळंतपनाची गाडी अलग हाय, ताई. तिच्यात सामान राहते, समजनारं मानूस राहते. माह्यापाशी पट्ट्या अन् सलाईन, दुसरं काही नाही. फोन केला ना? येऊनच राहिली असन.”

हे म्हणणं तर्कशुद्ध होतं. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. मी जवळजवळ मान हलवली.

दीपालीने मात्र शाल आवळली आणि सरळ उभी राहिली. “बरं भाऊ. पन हे माहे मामसासरे होत. यायच्यासंगं कोनीच नाही. मी बसतो संगं.”

आणि स्ट्रेचरवर वाकून माझ्या कानात कुजबुजली, “मामाजी, गाडी दवाखान्यातच जाते ना? मंग पडून राहा चुपचाप!”

मी पडून राहिलो. आडवं होणं हे काही विधान नव्हे, त्यामुळे ते असत्यही ठरू शकत नाही, असं मी स्वतःला समजावलं. गाडी सुटली. ज्या कामासाठी मी फोन करून गाडी मागवली होती, त्या कामाला आता मीच निमित्त म्हणून आडवा पडलो होतो!

वीरेंद्रने माझी शुद्ध तपासायला घेतली.

“सर, नाव सांगा.”

“गौतम.”

“आज काय हाय?”

“पोळ्याची कर.”

“एकदम बरोबर! आता सांगा, कोन जिंकून राहिलं? पांढुर्णा का सावरगाव?”

“त्याबद्दल मला काही मत नाही.”

वीरेंद्रचा चेहरा उतरला. त्याने माझ्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला. “सर, नीट आठवा. पांढुर्णा, का सावरगाव?”

“खरोखरच मला काही फरक पडत नाही.”

“दादा, गाडी दाब!” तो ड्रायव्हरकडे वळून ओरडला. “अंदरून मार हाय!”

एवढं होईस्तोवर त्याने माझ्या कपाळावर कापसाचा बोळा ठेवून दीपालीला सांगितलं होतं, “हे घट्ट दाबून धरा, ताई. ढिलं सोडू नका.” ती सोडतच नव्हती! तिची कळ आली की बोळ्यावरचा दाब वाढायचा, आणि ती ओठ मिटून जे सोसत होती त्याचा एक हिस्सा माझ्या कवटीत पोचायचा. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उपकरणाने इतकी अचूक नोंद दिली नसती.

“दीपाली,” मी हळूच म्हणालो, “कळा लवकर लवकर येताहेत.”

“तुमाले कसं समजते?”

“मला फार स्पष्ट समजतं आहे!”

तिला हसू आलं. पण ते अर्ध्यावरच थांबलं, आणि कपाळावरचा दाब पुन्हा वाढला. तो ओसरल्यावर ती खाली वाकली. घामाने तिचे केस गालाला चिकटले होते.

“मामाजी, गाडीतच झालं त चालते का सरकारले? भेटते का ते पैसे? का मंग वेचनीले जा लागते?”

मला नियम ठाऊक नव्हता. योजनेविषयी मी सगळं विचारून घेतलं होतं. एवढंच विचारलं नव्हतं, कारण माझ्या आखणीत गाडी वेळेवर पोचत होती. पुराव्याशिवाय विधान करायचं नाही हा माझा आयुष्यभराचा नेम. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“चालतं,” मी म्हणालो.

“नक्की?”

“शंभर टक्के!”

ती मागे टेकली. तिची मूठ किंचित सैलावली. मला कळलं, मूठ माझ्याच कपाळावर होती.

गाडी पुलावरच्या गर्दीत येऊन थांबली; दगडाच्या गाड्यांना तेवढा बंद पूल मोकळा असतो. दोन्ही काठांवर माणसंच माणसं, दगड चाललेले, आरोळ्या चाललेल्या. वाट द्या, वाट द्या म्हणून ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. कोणीतरी काचेतून आत डोकावलं.

“अबे, हे तं अर्जवाले गौतम सर!”

“काय म्हनतं!”

“आईच्यान! डोकं फुटलं सरांचं! दरसाल गोटमार बंद करा म्हनते अन् आज सोताच खेळाले आले!”

क्षणात खिडकीला दहा चेहरे चिकटले. त्यातले निदान चार माझे माजी विद्यार्थी होते, आणि चौघांनाही मी नापास केलं होतं.

“सर, कोनाकडून खेळले? आपल्याकडून ना?”

“अरे, सावरगावातून आनून राहिले त्यायले! म्हंजे सावरगावकडून!”

“मी कोणाकडूनच...” मी उठून बसायला लागलो. त्याच वेळी दीपालीने तोवर गिळलेल्या सगळ्या कळा एका किंकाळीत बाहेर काढल्या!

वीरेंद्रने दचकून तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

“अवं माय! घटका भरली का काय, ताई? पयलेच नाही का सांगाचं!”

“सांगितलं होतं!” मी म्हणालो.

“तुमी सांगतलं होतं, सर! तुमच्या डोक्याले मार हाय!” एवढं बोलून त्याने दार उघडलं, पायरीवर उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “थांबवा रे! गाडीत बाई हाय! बाळंतपन हाय! थांबवा लेकहो!”

ही हाक माणसामाणसातून पुढे सरकत गेली. बाळंतपन हाय. बाई हाय. सावरगावची सून हाय. जवळचे हात खाली आले, मग त्यांच्या पुढचे. कोणीतरी लाऊडस्पीकरवरून सांगितलं, आणि मग पलीकडचा काठही थांबला. नदीचं पाणी ऐकू येऊ लागलं. दरवर्षी अर्ज लिहून मला जे साधलं नव्हतं, ते दीपालीने एका किंकाळीत करून दाखवलं!

“पांढुर्णावाले पुन्हा सावरगावची पोरगी घेऊन चालले का रे?” पागोटं बांधलेल्या एका म्हाताऱ्याने गाडीत पाहत विचारलं.

मोठा हशा पिकला.

“या खेपी आपनच पोचवून देऊ, बुढेबा!” एक सावरगावचा पोरगा म्हणाला. आणि खरंच, ते गाडीच्या दोन्ही बाजूंनी धावू लागले. थोडं पुढे गेल्यावर त्यांच्यात पांढुर्ण्याचेही मिसळले. कोण कोणत्या काठाचा ते मला ओळखता येईना.

त्या गर्दीतूनच ताई प्रकटली. एका हातात आशिषचा कान, दुसऱ्या हाताने गाडीचं दार. दोघंही आत चढले. रक्ताने माखलेला मामा पाहून आशिषचे डोळे लाल झाले. त्याच्या हातात एक भला मोठा दगड होता.

“मामा! कोनं मारलं तुले? नाव सांग फकस्त!”

“तुझ्या घराच्या चौकटीने.”

“बायकोचा हात धर, मेल्या!” ताई कडाडली. “दगड टाक आधी!”

आशिषने आज्ञा पाळली. दगड माझ्या पायावर पडला. अशा रीतीने मला अखेर गोटमारीचा दगडही लागला.

दवाखान्यात आमच्या स्वागताला फौजच्या फौज उभी होती. गोटमारीच्या दिवशी असतेच. दीपालीला धावतपळत आत नेलं. एक सिस्टर दाराशी थांबून म्हणाली, “हिच्यासोबत कोण आलं?”

“मी,” मी स्ट्रेचरवरून हात वर केला.

“आणि तुमच्यासोबत?”

“ही.”

सिस्टरने कपाळावर हात मारून घेतला. माझ्या नव्हे, सुदैवाने स्वतःच्या.

माझ्या कपाळाला टाके घालत असताना पलीकडून रडणं ऐकू आलं. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज कसा निघतो याचं शास्त्रीय उत्तर मला येतं. त्या वेळी आठवलं नाही. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, “सर, दुखतंय का? डोळ्यांतून पाणी येतंय.” मी हो म्हणालो. त्या दिवसातलं हे दुसरं बिनपुराव्याचं विधान.

मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. ताई तिला कापडात गुंडाळून माझ्याजवळ घेऊन आली. मग तिने ते गाठोडं माझ्या हातांत ठेवलं.

“घे,” ती म्हणाली. “हा घे तुहा पुरावा.”

मी तो तपासला नाही. मान हलवली.

मदतीचे पैसे दीपालीच्या खात्यात आले. फोनवर आलेला मेसेज तिने माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, मग पुन्हा एकदा वाचून घेतला, आणि मग म्हणाली, “मले वाचता येते जी. पन आयकाले बरं वाटते.” कपाशी फुटली, गावातल्या बाया वेचणीला निघाल्या. दीपाली गेली नाही. गाडीत झालं असतं तर सरकारला चाललं असतं की नाही, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही. मी शंभर टक्के म्हटलं आहे; ते तसंच राहू द्यावं.

गोटमारीविरुद्धचा माझा नवा अर्ज घेऊन मी सरकारी कचेरीत गेलो होतो. साहेबांनी तो आदराने ठेवून घेतला, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “सर, तुम्ही यंदा कोणाकडून खेळणार?”

ताईही सगळ्यांना हेच सांगते, की भावाला गोटमारीत लागलं. आपल्या घराच्या चौकटीची बदनामी तिला नको आहे.

मागच्या रविवारी सावरगावला गेलो. दीपाली दारासमोर उन्हात बसून मुलीला तेल लावत होती. “मामाजी, वर पाहा!” ती म्हणाली. लेकीची गोधडी शिवून उरलेल्या कापडात नवा कापूस भरून तिने एक जाडजूड गादी केली होती आणि ती चौकटीवर खिळ्यांनी ठोकून दिली होती. “खास तुमच्यासाठी लावली. आता वाकू नका, बिनधास्त या!”

मी गादीकडे पाहिलं, दीपालीकडे पाहिलं. तेलाने चकाकणारी ती पोरगी माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसली. मी तिच्याकडे पाहत पाहतच, न वाकता, मोठ्या विश्वासाने घरात पाऊल टाकलं.

गादी चौकटीच्या मधोमध लावलेली होती. मी जरा डावीकडून गेलो.